सर्वांसाठी संकेतस्थळ : सुगम्यतेची परीक्षा

(बी. ए. भाग २)

शासकीय कचेरीच्या पायऱ्यांना लागून बांधलेला सिमेंटचा उतार आता आपल्या ओळखीचा झाला आहे. चाकांची खुर्ची त्यावरून आत जाते, कुबडी घेतलेला माणूस त्यावरून चढतो आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसेही पायऱ्या सोडून त्याच वाटेने जातात. परंतु मधल्या काळात कचेरीनेच आपली जागा बदलली आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, निकाल, सातबारा, बँकेचे खाते, नोकरीची जाहिरात, या साऱ्यांचे दार आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर उघडते. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला आणि ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून कितीतरी सेवा मिळू लागल्या. तेव्हा साहजिकच प्रश्न पडतो, की या नव्या कचेरीच्या दाराशी उतार आहे काय? आणि तो आहे की नाही, हे कोणी व कसे तपासावयाचे?

अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातापायांनी अधू किंवा आकलनात अडचण असलेल्या व्यक्तीला एखाद्या संकेतस्थळावरील काम दुसऱ्याच्या मदतीशिवाय पूर्ण करता येणे, याला सुगम्यता म्हणतात. या व्याख्येत ‘दुसऱ्याच्या मदतीशिवाय’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. कोणी म्हणेल, गावोगावी सेवा केंद्रे आहेत, झेरॉक्सच्या दुकानात पंचवीस-पन्नास रुपयांत फॉर्म भरून मिळतो, मग अडले कोठे? परंतु फॉर्म भरणाऱ्याच्या हाती आपण काय काय देतो, याचा विचार करावा. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी हे सारे आपण त्याला देतो. डोळस माणूस निदान पडद्यावर काय लिहिले गेले ते पाहू शकतो. अंध माणसाला मात्र संपूर्ण विश्वासावर राहावे लागते. त्यातून नाव चुकले, प्रवर्ग चुकला, तर शिष्यवृत्ती अडते आणि वर्ष वाया जाते. म्हणून हा प्रश्न सोयीपेक्षा स्वाभिमानाचा अधिक आहे.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. त्या वेळी मोजणी मोजक्याच प्रकारांची झाली होती. पुढे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आला. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्याच्या कलम ४२ मध्ये श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ऑनलाइन पद्धतीनेच देणे बंधनकारक झाले. म्हणजे ‘मला दिसत नाही’ हे सिद्ध करण्याची वाटही पडद्यावरूनच जाऊ लागली. ती वाट सुगम्य नसेल, तर पुढच्या सर्व सवलती दाराबाहेरच राहतात.

न्यायालयानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी दुसरा महत्त्वाचा निकाल आला. प्रज्ञा प्रसून आणि इतर ॲसिड हल्लाग्रस्त व्यक्तींनी एक याचिका केली होती व मुंबईचे दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी दुसरी. बँकेचे खाते उघडताना किंवा सिमकार्ड घेताना आपण जिवंत असल्याची खूण म्हणून कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडावी लागे. ज्यांच्या पापण्याच जळाल्या आहेत त्यांनी काय करावे? चेहरा पडद्यावरच्या वर्तुळात बसला की नाही, हे अंध माणसाने कसे ओळखावे? न्यायालयाने अशी पडताळणी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्या निर्देशांत दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. एक, सेवांची सुगम्यता ठरावीक काळाने जाणकारांकडून तपासून घ्यावी. दोन, नवी सेवा सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे.

परीक्षेचा अभ्यासक्रम

कोणतीही परीक्षा म्हटली की अभ्यासक्रम आला. संकेतस्थळांचा अभ्यासक्रम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने तयार केला आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आणि २.२ क्रमांकाची आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. या शेवटच्या आवृत्तीत ८६ कसोट्या असून त्या तीन पातळ्यांत विभागल्या आहेत. ‘ए’ पातळीच्या ३१, ‘डबल ए’च्या २४ आणि ‘ट्रिपल ए’च्या ३१. भारत सरकारनेही शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. सर्वसाधारणपणे ‘डबल ए’ पातळी गाठणे अपेक्षित धरले जाते.

एवढ्या कसोट्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्या सर्वांच्या मुळाशी चारच तत्त्वे आहेत. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने जाणवला पाहिजे. तो कोणत्या तरी साधनाने हाताळता आला पाहिजे. तो समजला पाहिजे. आणि निरनिराळ्या यंत्रांवर तो टिकला पाहिजे.

आता अंध व्यक्ती संगणक कसा वापरते ते पाहू, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. त्यासाठी पडदा-वाचक नावाचे सॉफ्टवेअर असते. ते पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवते. ‘एनव्हीडीए’ हे त्यांपैकी एक. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ते आजही विनामूल्य मिळते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ नावाचा असाच वाचक असतो. हा वाचक चित्र पाहत नाही. पानाच्या पोटात लिहिलेल्या सूचना तो वाचतो आणि प्रत्येक वस्तूचे नाव, तिचे काम व तिची स्थिती सांगतो. ‘अर्ज सादर करा, बटण’ असे त्याने म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे कळते. पण बटणावर नुसतेच बाणाचे चित्र असेल आणि त्याला नाव दिलेले नसेल, तर वाचक फक्त ‘बटण’ म्हणतो. पानावर अशी दहा बटणे असतील, तर ऐकणाऱ्याच्या कानी ‘बटण, बटण, बटण’ एवढेच पडते.

परीक्षा कशी घ्यावी?

भाताची परीक्षा शितावरून होते, परंतु संकेतस्थळाचे तसे नाही. मुखपृष्ठ सजवलेले असते आणि खरी अडचण आतल्या फॉर्ममध्ये असते. म्हणून प्रथम पानांची निवड करावी. मुखपृष्ठ, एक साधे माहितीचे पान, एक फॉर्म, एक तक्ता, एक चित्रफीत आणि डाउनलोड करावयाची एक सूचना एवढे तरी घ्यावे. त्यानंतर एखादे संपूर्ण काम ठरवावे. उदाहरणार्थ, ‘नोंदणी करून अर्ज भरणे आणि पावती मिळवणे’. पावती हाती पडली तरच काम पूर्ण झाले असे समजावे. नऊ पायऱ्यांना उतार आहे आणि दहावीला नाही, अशा इमारतीत चाकांची खुर्ची शेवटी बाहेरच राहते.

पहिली चाचणी माऊसशिवाय करावी. माऊस बाजूला ठेवून फक्त ‘टॅब’ कळ दाबत जावे. मागे येण्यासाठी ‘शिफ्ट’ आणि ‘टॅब’, निवडण्यासाठी ‘एंटर’ किंवा ‘स्पेस’. ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला माऊस धरता येत नाही, त्याचा हाच मार्ग असतो. आपण कोठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसते काय? क्रम वरून खाली नीट जातो, की मध्येच उड्या मारतो? एखाद्या खिडकीत शिरल्यावर बाहेर पडता येते काय? जन्मतारखेचे कॅलेंडर माऊसशिवाय उघडतच नसेल, तर फॉर्म तेथेच संपला.

दुसरी चाचणी कानांनी करावी. पडदा बंद करून वाचक सुरू करावा. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ कळ दाबली की पुढचे शीर्षक येते, ‘के’ दाबली की पुढचा दुवा, ‘बी’ने बटण आणि ‘एफ’ने फॉर्मचा रकाना. डोळस माणूस जसा वर्तमानपत्राचे मथळे चाळतो, तसा अंध वाचक या कळांनी पान चाळतो. म्हणून मोठ्या ठळक अक्षरांना केवळ रूप देऊन भागत नाही, ते ‘शीर्षक’ आहे अशी नोंद पानाच्या पोटात हवी. ‘येथे क्लिक करा’ असे पंधरा दुवे असतील, तर ऐकणाऱ्याला एकही कळत नाही. ‘गुणवत्ता यादी पाहा’ असे लिहिले तर कळते. मोबाइलवर टॉकबॅकने ही चाचणी करणाऱ्याने ते बंद कसे करावयाचे हे आधी शिकून घ्यावे, नाही तर फोनच अडून बसतो.

तिसरी चाचणी नजरेची. पान २०० टक्के मोठे करून पाहावे. अक्षरे एकमेकांवर चढतात काय, बटण पडद्याबाहेर जाते काय? त्यानंतर रंग पाहावेत. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांचे प्रमाण किमान ४.५ला १ असावे, मोठ्या अक्षरांसाठी ३ला १ चालते. पांढऱ्यावर काळे हे प्रमाण २१ला १ असते. आपल्याकडे केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे लिहिण्याची आवड फार आहे. ते प्रमाण जेमतेम २ला १ भरते, म्हणजे नापास! तसेच ‘लाल रंगातील रकाने भरा’ ही सूचना रंगांधळ्या माणसाला व्यर्थ आहे. रंगाबरोबर शब्द किंवा खूण हवी.

चौथी चाचणी आवाज बंद करून करावी. मार्गदर्शनाची चित्रफीत असेल तर खाली लेखी मजकूर येतो काय? शेवटी वेळ मोजावा. फॉर्म किती मिनिटांत आपोआप बंद होतो आणि मुदत वाढवून मिळते काय? सावकाश टाइप करणाऱ्याने अर्धा तास खपून भरलेला फॉर्म पुसला गेला, तर तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. चित्रातील वाकडी अक्षरे ओळखावयास सांगणारा कॅप्चाही येथेच तपासावा. त्याला आवाजाचा किंवा दुसरा पर्याय नसेल, तर अंध व्यक्तीसाठी ते दाराला लावलेले कुलूपच होय.

यंत्र आणि माणूस

या तपासणीसाठी ‘वेव्ह’, ‘ॲक्स’, ‘लाइटहाउस’ अशी यंत्रेही आहेत. ती क्षणात चुकांची यादी देतात. अमेरिकेतील ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी अशा यंत्राने दहा लाख मुखपृष्ठे तपासते. २०२५ मध्ये त्यांतील ९४.८ टक्के पानांवर दोष सापडले आणि सर्वांत अधिक आढळलेला दोष होता फिकट अक्षरांचा. म्हणजे हे दुखणे केवळ आपल्या देशाचे नाही.

परंतु यंत्राला मर्यादा आहेत. चित्राला वर्णन दिले आहे की नाही, एवढे यंत्र सांगते. ते वर्णन खरे आहे काय, हे त्याला कळत नाही. पिकाच्या रोगाचे चित्र दाखवून त्याखाली ‘फोटो’ एवढेच लिहिले, तरी यंत्र त्याला पास करते. सोयाबीनच्या पानावर कोणत्या रंगाचे ठिपके आहेत, हे लिहिले तरच अंध शेतकऱ्याला त्याचा उपयोग. याउलट नुसत्या शोभेच्या नक्षीला वर्णन देऊच नये, म्हणजे वाचक ती सोडून पुढे जातो. काय अर्थाचे आणि काय शोभेचे, हा निवाडा माणसानेच करावयाचा असतो.

मराठीचे वेगळे दुखणे

येथे आपल्या भाषेचा एक स्वतंत्र प्रश्न येतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये लिहिला जाई आणि अजूनही काही ठिकाणी लिहिला जातो. डोळ्यांना तो मराठीच दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र तेथे इंग्रजी अक्षरे असतात. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच या पाच अक्षरांनी साठवलेला असतो. पडदा-वाचक बिचारा तेच वाचतो. मराठी पानावर मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी ऐकू येते आणि शोधयंत्रालाही तो शब्द सापडत नाही.

दुसरे दुखणे सही-शिक्क्याच्या कागदाचे. टाइप केलेली सूचना छापून, तिच्यावर सही करून, तिचे छायाचित्र पीडीएफ म्हणून चढवले जाते. वाचकाच्या दृष्टीने तो कोरा कागद असतो. हे ओळखण्याची युक्ती फार सोपी आहे. पीडीएफमधील एखादी ओळ माऊसने निवडून पाहावी. शब्द निवडला न जाता सारे पान एखाद्या चित्रासारखे वागत असेल, तर ते चित्रच आहे. ओळ निवडली गेली, तर ती कॉपी करून दुसरीकडे चिकटवावी. तेथे मराठी उतरली तर ठीक, नाही तर ती कृतिदेव. तिसरी बाब म्हणजे पान मराठीत आहे याची नोंद. ती पानाच्या पोटात नसली तर वाचक चुकीच्या भाषेचा आवाज लावू शकतो आणि उच्चारांची दैना होते.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कार्यालयांसाठी ‘एसथ्रीवास’ नावाचा एक तयार साचा केला आहे. त्याच्या नावातील एक ‘एस’ हा ‘सुगम्य’ या आपल्याच शब्दाचा आहे. वाशिम जिल्ह्याचे संकेतस्थळही या साच्यावर आहे. अक्षरे लहानमोठी करणे, रंग बदलणे, थेट मुख्य मजकुराकडे जाणे अशा सोयी साच्यातच येतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण साचा म्हणजे इमारत. तिच्यात रोज ठेवल्या जाणाऱ्या सूचना, याद्या आणि जाहिराती कशा स्वरूपात येतात, यावर बाकीचे अवलंबून असते. म्हणून एकदा परीक्षा घेऊन भागत नाही, ती वरचेवर घ्यावी लागते.

आपण काय करू शकतो?

हे सारे इंजिनियरांचे काम आहे, कला शाखेचा याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वरील चाचण्या पुन्हा पाहिल्या तर लक्षात येईल, की त्यांतील निम्म्या भाषेच्या आहेत. चित्राचे नेमके वर्णन दोन वाक्यांत लिहिणे, दुव्याला अर्थपूर्ण नाव देणे, ‘उपरोक्त विषयान्वये’ अशा थाटाची सूचना साध्या मराठीत आणणे, चूक झाल्यावर ‘अवैध नोंद’ असे न म्हणता ‘मोबाइल क्रमांकात दहा आकडे हवेत’ असे सांगणे, ही कामे मराठीच्या विद्यार्थ्याने करावीत अशीच आहेत. साध्या मराठीचा लाभ आकलनात अडचण असलेल्यांना आणि खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे अशा कर्णबधिरांना तर होतोच. शिवाय ज्यांच्या घरात फॉर्म भरणारी ही पहिलीच पिढी आहे, अशा आपल्यापैकी कित्येकांनाही होतो. उतार बांधला चाकांच्या खुर्चीसाठी, आणि चढल्या त्यावरून म्हाताऱ्या आजीबाईही, तसेच हे आहे.

येथे एक पथ्य मात्र पाळावे लागेल. डोळस विद्यार्थ्याने पडदा बंद करून घेतलेली चाचणी ढोबळ दोष दाखवते. ती अंध व्यक्तीच्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही. वर्षानुवर्षे पडदा-वाचक वापरणारा माणूस कोणत्या वेगाने ऐकतो, कोठे अडतो, कोणती वाट शोधतो, हे त्यालाच ठाऊक. म्हणून अशा तपासणीत दिव्यांग विद्यार्थी परीक्षक म्हणून बसले पाहिजेत आणि त्यांचा शब्द शेवटचा मानला पाहिजे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करीत आहे. महाविद्यालयाच्या आवारातून असे काम उभे राहू शकते, याचा हा दाखला आहे.

सापडलेल्या दोषांचा अहवालही नीट लिहावा. ‘संकेतस्थळ वाईट आहे’ असे लिहून कोणाचेच भले होत नाही. कोणते पान, कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने पाहिले, काय करावयास गेलो, काय झाले, काय व्हावयास हवे होते आणि त्यामुळे कोणाचे काम अडते, एवढे प्रत्येक दोषापुढे असावे. काम पूर्ण अडवणारे दोष वर आणि नुसता त्रास देणारे खाली. शासकीय कार्यालयाचे संकेतस्थळ असेल, तर हा अहवाल जोडून त्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, झाडे लावतो. त्याच यादीत यंदा ही एक गोष्ट घालावी, असे सुचवावेसे वाटते. सुरुवात आपल्याच महाविद्यालयाच्या संकेतस्थळापासून करावी. प्रवेशाचा फॉर्म, परीक्षेचे वेळापत्रक आणि एक सूचना, एवढी तीन पाने घ्यावीत. एक संगणक, विनामूल्य मिळणारा वाचक, चार विद्यार्थी आणि एक दिव्यांग परीक्षक यांना दोन दुपारी पुरतील. अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावा आणि पुढच्या प्रवेशापूर्वी कोणते दोष दूर झाले, हे पुन्हा तपासावे. पुढच्या जूनमध्ये एखाद्या दृष्टिहीन मुलीने आपला प्रवेश अर्ज स्वतः भरला, ओटीपी स्वतः टाकला आणि पावतीवरील आपले नाव स्वतः ऐकून पाहिले, तर ही परीक्षा उत्तीर्ण झाली असे समजावयास हरकत नाही.